कोंड्याचा खोका पहिल्यांदा घेताना

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर गुडघा रोज थोडा थोडा सुधारत होता, पण पोट काही केल्या साफ होईना. वेदनाशामक गोळ्या, दिवसभर पडून राहणं, आणि सारखं बाथरूमपर्यंत चालायला नको म्हणून त्यांनी स्वतःच कमी केलेलं पाणी. डिस्चार्जच्या कागदावर सगळ्यात खाली 'चोथायुक्त आहार' एवढंच लिहिलं होतं. ऑफिसातून परतताना दादर स्टेशनबाहेरच्या दुकानात 'ब्रॅन', म्हणजे कोंडा, हा शब्द ज्या खोक्यावर सगळ्यात मोठा दिसला तो मी उचलला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापुढे वाडगा ठेवला. काठोकाठ फ्लेक्स, वरून गरम दूध, त्यांना आवडते म्हणून दोन चमचे साखर.

तिसऱ्या दिवशी त्यांचं पोट टम्म फुगलं. बाबा तक्रार करणाऱ्यातले नाहीत. "उद्यापासून मला आपले पोहेच दे गं," एवढंच म्हणाले. त्या रात्री ओट्यापाशी उभं राहून मी खोक्याची मागची बाजू पहिल्यांदा वाचली. पहिला घटक गहू, दुसरा साखर, आणि तिसऱ्या जागी, गव्हाचा कोंडा ८ टक्के.

ज्यांना डॉक्टरांनी, घरच्यांनी किंवा जिममधल्या मित्राने 'ब्रॅन खा' म्हणून सांगितलंय आणि जे मॉलमधल्या त्या लांबलचक मांडणीसमोर पहिल्यांदाच उभे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सहाच्या लोकलने निघणारी, पीजीत राहणारी मुलं-मुली यात आली, आणि आई-बाबांसाठी खोका घेणारी माझ्यासारखी माणसंही आली.

आधी कोंडा म्हणजे काय ते

घरी दळण आणलं की आपण ते चाळतो आणि चाळणीत जे तपकिरी पापुद्रे उरतात, तोच कोंडा. गव्हाच्या दाण्याचं ते बाहेरचं आवरण. दाण्याच्या वजनात कोंडा साधारण १४-१५ टक्के असतो, अंकुर अडीच-तीन टक्के, आणि उरलेला सगळा आतला पांढरा पिठूळ भाग, ज्याचा मैदा होतो.

वजनाने कोंडा एवढासाच, पण दाण्याने आपली बरीचशी ठेव त्यातच ठेवलेली असते. १०० ग्रॅम कच्च्या कोंड्यात सुमारे ४३ ग्रॅम चोथा असतो. खोक्यावर ज्याला 'डाएटरी फायबर' म्हणतात तो हाच. शिवाय साडेपंधरा ग्रॅम प्रथिनं, चार ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश, १० मिलिग्रॅमच्या वर लोह, ६०० मिलिग्रॅमच्या वर मॅग्नेशियम, आणि नायसिन, बी-६ अशी ब गटातली जीवनसत्त्वं. उष्मांक फक्त २१६ किलोकॅलरी. तेवढ्याच कणकेत ३२० असतात. चोथा आपल्या पोटात पूर्ण पचत नाही. त्याच्या एका ग्रॅममागे साधारण दोनच कॅलरी मिळतात, साध्या पिष्टाच्या ग्रॅममागे चार. हा फरक तिथून येतो.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. कच्च्या कोंड्यात साखर अर्धा ग्रॅमसुद्धा नसते, आणि सोडियम जवळजवळ नसतंच. म्हणजे खोक्यातल्या कोंड्याच्या न्याहारीत जी साखर आणि जे मीठ दिसतं, ते जवळपास सगळं कारखान्यात घातलेलं असतं.

आवरण काढून टाकलं की काय जातं, हे जगाला कळलं ते तांदळाच्या कोंड्यामुळे. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान जावा बेटावर काम करत असताना त्यांना दिसलं, की पॉलिश केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा, पाय लुळे पाडणारा आजार होतो आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. कोंड्यात होतं ते आपण आज थायमिन किंवा बी-१ जीवनसत्त्व म्हणून ओळखतो. या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल मिळालं. आजी कोंडा फेकायची नाही, तिच्या त्या सवयीमागे केवढं पोषण होतं ते मला हे वाचल्यावर उमगलं.

पायरी पहिली: खोका उलटा करा, घटकांची यादी वाचा

पुढच्या बाजूला गव्हाची लोंबी असते, सूर्योदय असतो, सडपातळ बाई असते. त्यातून काहीच कळत नाही. खोका उलटा करा आणि घटकांची यादी शोधा. भारतात नियम असा आहे की सगळ्यात जास्त वजनाचा घटक आधी, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. आणि एखाद्या घटकाचा नावात किंवा चित्रात डंका पिटला असेल, तर तो किती टक्के आहे हेही लिहावं लागतं. तेव्हा 'ब्रॅन' नाव असलेल्या खोक्यावर कोंड्याची टक्केवारी तुम्हाला सापडायला हवी.

ती सापडली की एक सोपा हिशेब करता येतो. मी तो आता दुकानात उभ्या उभ्या करते. कोंड्यात शेकडा ४३ चोथा, अख्ख्या गव्हात शेकडा ११. आमच्या त्या खोक्यात अख्खा गहू ७० टक्के होता, म्हणजे त्यातून सुमारे साडेसात-पावणेआठ ग्रॅम. कोंडा ८ टक्के, म्हणजे त्यातून साडेतीन ग्रॅमच्या आत. बेरीज ११ च्या आसपास. खोक्यावरच्या तक्त्यातही १०० ग्रॅममागे ११ ग्रॅमच चोथा लिहिला होता. आता यात खटकण्यासारखं काय? तर आपल्या घरच्या न चाळलेल्या कणकेतही १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅमच चोथा असतो. बाजरीत साडेअकरा, नाचणीत अकरा, ज्वारीत दहा. म्हणजे मी 'कोंडा' म्हणून जे आणलं होतं, त्यात पोळीच्या कणकेइतकाच चोथा होता आणि वर साखर.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार दिसतील. एक, बारीक शेवेच्या तुकड्यांसारख्या तपकिरी कांड्या. यात कोंडा बहुतेक ८५-९० टक्क्यांपर्यंत असतो आणि चोथा १०० ग्रॅममागे २५ ते ३० ग्रॅम. मुंबईत त्या आयात मालाच्या मांडणीवर मिळतात. दोन, फ्लेक्स. यात अख्खा गहू जास्त आणि कोंडा कमी, चोथा साधारण १० ते १५ ग्रॅम. आपल्याकडे सर्वात जास्त हेच खपतात. तीन, मनुका-सुकामेवा घातलेलं मिश्रण. यात कोंडा किती हे प्रत्येक खोक्यागणिक बदलतं.

ओटचा कोंडा ही वेगळीच चीज आहे, तो गव्हाच्या कोंड्याच्या जागी समजून घेऊ नका. त्यात चोथा कमी, १०० ग्रॅममागे १५ ग्रॅमच्या आसपास, पण त्यातला बराचसा पाण्यात विरघळून चिकट होणारा असतो. बीटा-ग्लुकन त्याचं नाव. रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. गव्हाच्या कोंड्यातला चोथा मुख्यतः न विरघळणारा, तो पाणी धरून ठेवतो, मळाला आकार देतो आणि आतडं पुढे ढकलतं. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी सांगितलं असेल तर ओट, पोट साफ होण्यासाठी सांगितलं असेल तर गहू. दुकानात जाण्यापूर्वी हे एवढं विचारून घ्या.

पायरी दुसरी: तक्ता वाचा, पण तुमच्या वाटीच्या मापाने

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. माझीही झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तक्त्यात एक रकाना १०० ग्रॅमचा असतो आणि बहुतेक वेळा दुसरा 'एका सर्व्हिंग'चा, म्हणजे ३० किंवा ४० ग्रॅमचा. खोक्यांची तुलना करायची असेल तर १०० ग्रॅमचाच रकाना बघा, कारण सर्व्हिंगचं माप कंपनीगणिक वेगळं असतं. पण पोटात किती जातं हे बघायचं असेल तर दोन्ही रकाने बाजूला ठेवा आणि स्वतःची वाटी वजन करा.

आमच्याकडे बाबांचा स्टीलचा वाडगा आहे, काठावर त्यांचं नाव कोरलेला, आजीने भांडीवालीकडून घेतलेला. मी तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि नेहमीच्या हाताने फ्लेक्स ओतले. काट्याने ६० ग्रॅम दाखवले. खोका म्हणत होता ३०. नेमकं दुप्पट. मग पुन्हा ३० ग्रॅम मोजून वाडग्यात घातले तर तळ जेमतेम झाकला गेला. ते बघून बाबा म्हणाले, "हे चिमणीला घातल्यासारखं वाटतंय."

आता त्या पहिल्या वाडग्याचा हिशेब करू. खोक्यावर १०० ग्रॅममागे उष्मांक ३७०, चोथा ११ ग्रॅम, एकूण साखर २० ग्रॅम, त्यातली वरून घातलेली १८ ग्रॅम, सोडियम ४५० मिलिग्रॅम. ६० ग्रॅमला प्रत्येक आकडा ०.६ ने गुणायचा. चोथा ६.६ ग्रॅम. घातलेली साखर १०.८ ग्रॅम. सोडियम २७० मिलिग्रॅम. वर मी घातलेली दोन चमचे साखर, म्हणजे आणखी नऊ-दहा ग्रॅम. दुधातली नैसर्गिक साखर यात धरलीच नाही, ती २०० मिलिलिटरला नऊ-दहा ग्रॅम वेगळी असते आणि तिची एवढी काळजी नको.

म्हणजे एका वाडग्यात वरून घातलेली साखर २० ग्रॅम. आपल्याकडची लेबलं २००० कॅलरीच्या आहाराला ५० ग्रॅम घातलेली साखर ही मर्यादा धरतात, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शक्य तर तिच्या निम्म्यावर, २५ ग्रॅमच्या आत राहा. मी बाबांना न्याहारीलाच २० ग्रॅम देत होते, तेही आरोग्याच्या नावाखाली. आणि चोथा किती, तर साडेसहा ग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला कमीत कमी २५ ग्रॅम लागतो. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था २००० कॅलरीच्या आहाराला ३० ग्रॅमच्या आसपास धरते.

सोडियमकडे कुणी बघत नाही, कारण गोड खाण्यात मीठ असेल असं मनातही येत नाही. पण फ्लेक्सना चव यावी म्हणून ते असतंच. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दोन खोक्यांपैकी कमी सोडियमचा निवडा. मिठात बघायचं असेल तर ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, असं धरा.

कोणता खोका घ्यावा याचं माझं स्वतःचं माप आता हे झालंय: १०० ग्रॅममागे चोथा १५ च्या वर, घातलेली साखर १० च्या खाली. दोन्ही एकत्र सापडणं सोपं नाही, कारण नुसता कोंडा तोंडात लाकडाच्या भुशासारखा लागतो आणि तो गोड केल्याशिवाय खपत नाही. अगदी ८५ टक्के कोंड्याच्या कांड्यांमध्येही साखर १५-१८ ग्रॅम असू शकते. तेव्हा दोन्हीपैकी एकच जमत असेल तर चोथा बघा आणि वाटी लहान करा. जास्त चोथ्याच्या कांड्या ३० ग्रॅमच खाल्ल्या तर चोथा आठ ग्रॅम मिळतो आणि साखर पाचच ग्रॅमच्या आसपास येते.

वजनकाटा नसेल तर अंदाजाने: आपली आमटीची मध्यम वाटी, १५० मिलिलिटरची, फ्लेक्सने सपाट भरली तर २५ ग्रॅमच्या आसपास. कांड्या जड असतात, त्याच वाटीत ३५-४० ग्रॅम बसतात. कच्चा कोंडा फार हलका, एका मोठ्या चमच्यात साडेतीन-चार ग्रॅमच.

पायरी तिसरी: पुढच्या बाजूवरचे शब्द

थोडक्यात सांगते. 'सोर्स ऑफ फायबर' लिहायला १०० ग्रॅममागे तीन ग्रॅम चोथा पुरतो आणि 'हाय फायबर' लिहायला सहा. अकरा ग्रॅमवाली आपली कणीक हा बिल्ला सहज लावू शकेल, त्यामुळे त्या शब्दांनी हुरळू नका. 'मल्टीग्रेन' म्हणजे धान्यं अनेक, ती अख्खी आहेत की सडलेली ते यादीत बघा. मध, गूळ, खजुराचा पाक, माल्टचा अर्क, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, हे सगळं शरीराच्या लेखी साखरच. यादीत साखर चौथ्या जागी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका, तिची भावंडं पाचव्या, सहाव्या जागी बसलेली असतात.

एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी परवाना क्रमांक आहे ना, 'बेस्ट बिफोर'ची तारीख किती लांब आहे, हेही बघून घ्या. भावाची तुलना करायची तर खोक्याच्या किमतीला त्यातल्या एकूण चोथ्याच्या ग्रॅमने भागा. ३०० ग्रॅमच्या खोक्यात शेकडा ११ ने ३३ ग्रॅम चोथा, शेकडा २७ ने ८१ ग्रॅम. महाग वाटणारा खोका कधी कधी स्वस्त निघतो.

पायरी चौथी: लोह, जीवनसत्त्वं आणि आपला चहा

तक्त्याच्या खालच्या भागात लोह, झिंक, ब जीवनसत्त्वं, बी-१२, ड अशी रांग असते. यातलं लोह, मॅग्नेशियम, नायसिन कोंड्यात मुळातच असतं. बी-१२ आणि ड मात्र गव्हात नसतातच, ती कंपनीने घातलेली असतात. त्यात वाईट काही नाही. मांसाहार न करणाऱ्यांना बी-१२ मिळायला तो आणखी एक मार्ग, फक्त ते कोंड्याचं श्रेय समजू नका.

लोहही बऱ्याचदा कंपनी वरून घालते, आणि ते तर डोळ्यांनी बघता येतं. माझा भाचा सहावीत आहे, त्याच्याबरोबर मी हे करून पाहिलं. मूठभर फ्लेक्स कुस्करून झिपच्या पिशवीत कोमट पाण्यात कालवले, तासभर ठेवले आणि फ्रिजवरचं चुंबक पिशवीच्या बाहेरून हळूहळू फिरवलं. चुंबकाखाली करड्या रंगाचा, केसासारखा बारीक गाळ गोळा झाला. ते खरं लोखंड, अगदी बारीक कणांच्या रूपात मिसळलेलं, आणि पोटातल्या आम्लात ते विरघळतं. सगळ्याच खोक्यांमध्ये असं दिसणार नाही. लोहाचे क्षार वापरले असतील तर चुंबकाला काही चिकटत नाही.

पण लिहिलेलं सगळं लोह अंगी लागत नाही. कोंड्यात फायटिक आम्ल असतं, ते लोह, झिंक आणि कॅल्शियमला धरून ठेवतं. त्यावर आपण सकाळी जो चहा घेतो त्यातली टॅनिनं उरलंसुरलं अडवतात. चहा सोडा असं मी मुंबईकराला सांगणार नाही, पण वाटी आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. आमच्याकडे चहा आधी होतो, न्याहारी आंघोळीनंतर, त्यामुळे ते आपोआप जमलं. आणि वाटीबरोबर क जीवनसत्त्व असलेलं काहीतरी खा: पेरूच्या चार फोडी, संत्रं, मोरावळा नको पण ताजा आवळा. पेरू तर दोन्हीकडून कामाचा, क जीवनसत्त्वही भरपूर आणि १०० ग्रॅममागे साडेआठ ग्रॅम चोथा. पेरूवाल्याकडून येता-जाता घेतलेला एक पेरू कधी कधी अख्ख्या वाटीला भारी पडतो.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्या. कोंडा, लोह आणि दुधातलं कॅल्शियम तिन्ही त्या गोळीच्या शोषणात अडथळा आणतात. गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि वाटी त्यानंतर अर्धा ते एक तासाने.

पायरी पाचवी: सुरुवात सावकाश, पाण्यासकट

बाबांचं पोट फुगलं त्याला दोन कारणं होती. ज्याला रोज जेमतेम पंधरा ग्रॅम चोथ्याची सवय आहे त्याला मी एकदम भरगच्च वाडगा दिला, आणि त्यांच्या पोटात पाणी नव्हतं. कोंडा पाणी शोषून फुगतो, म्हणून तर त्याचा उपयोग होतो. पाणी नसलं तर तोच कोंडा आतड्यात सुकून बसतो आणि दुखणं वाढवतो.

आम्ही पुन्हा सुरुवात केली ती अशी. पहिला आठवडा रोज दोन मोठे चमचे, पोह्यांच्या किंवा उपम्याच्या सोबतीला. दुसऱ्या आठवड्यात अर्धी वाटी. तिसऱ्यापासून ३० ग्रॅम. दर वेळी एक पूर्ण पेला पाणी लगेच आणि दिवसभरात निदान सात-आठ पेले. बाबांच्या उशाशी मी लिटरची बाटली ठेवली आणि दुपारच्या जेवणापर्यंत ती संपवायची असं ठरलं. पहिले चार-पाच दिवस थोडा गॅस झाला. आतड्यातले जंतू नव्या अन्नाला सरावतात तोवर तो होतो. नवव्या दिवशी सकाळी बाबा पेपर घेऊन बाथरूममधून बाहेर आले आणि त्यांच्या चेहऱ्यावर महिनाभराने हसू होतं.

दुधाबद्दल एक शब्द. आपण पिशवीचं दूध उकळतो आणि गरमच ओततो. केलॉग्ज १९९४ साली भारतात आली आणि जवळच तळोज्याला कारखाना सुरू झाला, तेव्हापासून मुंबईच्या घराघरांत फ्लेक्सचा लगदा होतोय तो याच सवयीने. पोषणात त्याने काही बिघडत नाही, पण लगदा चार घासांत संपतो, चावला जात नाही आणि मग आणखी वाढून घेतलं जातं. दूध उकळून कोमट होऊ द्या आणि फ्लेक्स खायच्या क्षणी घाला. वजन कमी करायचं असेल तर सहा टक्के स्निग्धांशाच्या फुल क्रीमऐवजी तीन टक्क्यांचं टोन्ड. साखरेच्या जागी एक वेलची केळं चिरून घाला. बाबांना सर्वात आवडलेला प्रकार मात्र वेगळाच: घट्ट दही, चिमूटभर मीठ, भरडलेलं जिरं आणि वर कांड्या. दहीबुत्तीची चव येते आणि साखरेची आठवणही होत नाही.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं

ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाचा, त्रास असलेल्यांनी गव्हाचा कोंडा खाऊच नये. माल्ट बार्लीचं असतं, तेही नको. किडनीचा आजार असेल तर कोंड्यातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम महागात पडू शकतं. नुकतंच आतड्याचं ऑपरेशन झालेलं असेल, किंवा पूर्वी आतडं अडकलेलं असेल, तर स्वतःच्या मनाने सुरू करू नका. काहींचं पोट हळवं असतं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ. गव्हाच्या कोंड्याने त्यांचा त्रास वाढू शकतो, त्यांना इसबगोल जास्त मानवतो. पाच वर्षांखालच्या मुलांना कोंड्याच्या वाट्या भरून देऊ नका. त्यांचं पोट लहान, चोथ्याने भरलं की पोषणाला जागा उरत नाही. शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर कोंड्याने इलाज करत बसू नका, तपासून घ्या.

खोक्याशिवाय कोंडा

खोका परवडत नसेल किंवा नकोसा असेल तर कोंडा घरातच आहे. गिरणीवाल्याला दळण थोडं जाडसर काढायला सांगा आणि घरी मैद्याच्या बारीक चाळणीऐवजी मोठ्या भोकांची चाळण वापरा, किंवा पोळ्यांसाठी चाळूच नका. चाळलेला कोंडा साठवायचा असेल तर गहू आधी निवडून घ्या. मग कोंडा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा, खमंग वास सुटेपर्यंत, सहा-सात मिनिटं. भाजताना सतत हलवा, तो करपायला वेळ लागत नाही. असे दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे तीन ग्रॅम चोथा, साखर आणि मीठ शून्य. ताकात, डाळीत, पोह्यांवर, कशातही मिसळा. कोंड्याचा मांडा करून खावा असं आपल्यात म्हणतात, तो इतका सोपा आहे.

मात्र पशुखाद्याच्या दुकानात पोत्यातून सुटा मिळणारा कोंडा आणू नका. तो गोठ्यांसाठी असतो, माणसाच्या खाण्यासाठी साफ केलेला नसतो. खायचा कोंडा हवा तर पाकीटबंद आणि परवाना क्रमांक असलेला घ्या.

मुंबईच्या हवेत साठवण

जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघडा राहिलेला खोका दोन दिवसांत सादळतो. आतली पिशवी नीट दुमडून, चिमटा लावून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा. सादळलेले फ्लेक्स कढईत दोन मिनिटं कोरडे परतले की पुन्हा कुरकुरीत होतात. कच्च्या कोंड्याची गोष्ट वेगळी. त्यात तेलाचा अंश असतो आणि दमट उकाड्यात तो लवकर खवट होतो. थोडाच आणा, फ्रिजमध्ये ठेवा, महिन्याभरात संपवा. डबा उघडल्यावर जुन्या तेलासारखा वास आला किंवा जाळी-टोके दिसले तर टाकून द्या.

खोका संपत आला की तळाशी भुगा उरतो, तो फेकू नका. आमच्याकडे तो एका बरणीत साठतो आणि रविवारी थालीपिठाच्या भाजणीत जातो, एका थालीपिठाला एक चमचा. पीठ जरा सैल भिजवावं लागतं, कारण भुगा पाणी पितो. दहा मिनिटं झाकून ठेवून मग थापलं की कडा फाटत नाहीत.